अंगठेवालीचं टेबल

पार्लरातला फोन वाजला की पलीकडून पहिला प्रश्न ठरलेला, "अंगठेवाली आहे का आज?" नाव विचारायच्या भानगडीत कुणी पडत नसे. नाव होतं, नाही असं नाही. पण ते बँकेच्या पासबुकात, आणि सासू चिडलेली असली तर सासूच्या तोंडात. बाकी जगासाठी ती अंगठेवाली.

बाई उंचीला बेताची, खांद्याला रुंद, आणि एकदा बोलायला लागली की समोरच्यानं खुर्ची ओढून बसावं अशी. पार्लरच्या पुढच्या भागात केस कापले जात, भुवया कोरल्या जात. मालिशची खोली मागे. तिथे दोन टेबलं, मध्ये विटलेला पडदा, गरम पाण्याच्या पातेल्यात उभ्या केलेल्या तेलाच्या बाटल्या, फळीवर गुंडाळून ठेवलेले टॉवेल, आणि कोपऱ्यातल्या स्पीकरमधून दिवसभर समुद्राच्या लाटा. त्या लाटांना ती आणि तिची जोडीदारीण इतक्या कंटाळल्या होत्या की खरा समुद्र समोर आला असता तर दोघींनी आधी तो बंद करायचं बटण शोधलं असतं.

जोडीदारीण उंच आणि सडपातळ. तिला सगळे शिडी म्हणत. शिडीचा हात मऊ होता. झोप लागावी म्हणून येणारी माणसं तिच्याकडे जात. ज्यांचं काही दुखत असे ती सगळी अंगठेवालीकडे. पालथ्या पाठीवर ती तेलाचा हात फिरवायची, डोळे मिटायची, आणि तिचा अंगठा मणक्याच्या कडेनं चालत चालत नेमका गाठीवर येऊन थांबायचा. खालून आवाज यायचा, "हां! हां! तिथंच!" मग तो अंगठा तिथे ठाण मांडून बसायचा. गाठ विरघळल्याशिवाय उठायचा नाही.

आधी ती पॅकिंगच्या कारखान्यात खोकी चिकटवायची. कारखाना बंद पडला तेव्हा तिनं मालिशचा वर्ग लावला. घरी सांगितलं तर सासूनं डोक्याला हात लावला होता. "लोकांची अंगं रगडायची? चार माणसांत काय सांगू मी, सून काय करते म्हणून?" सासूच्या गुडघ्यांवर पहिल्यांदा सुनेचे हात चालले, त्या दिवसापासून हा प्रश्न आपोआप मिटला. आता तीच सासू बाकावरच्या म्हाताऱ्यांना ऐटीत सांगायची, "आमची सूनबाई पाठीची डॉक्टर आहे, फक्त सुई टोचत नाही."

धंद्याचा हिशोब मात्र कडू होता. गिऱ्हाईक जे देईल त्यातलं अर्धं मालकिणीचं, अर्धं हाताचं. पाठ आली तर कमाई, नाही आली तर टॉवेलच्या घड्या. ताप आला, घरी राहिलं, तर त्या दिवसाचं पान कोरं. या लाईनीत आलेल्या बायका तिनं पाहिल्या होत्या. उत्साहानं यायच्या, हात चालायचा, नाव व्हायचं, आणि मग एक दिवस कुणाचं मनगट, कुणाची कंबर बोलायला लागायची. त्या पुढच्या भागात नखं रंगवायला जायच्या, नाहीतर घरीच बसायच्या. अंगठेवालीला वाटायचं, ते त्यांचं. आपलं हाड वेगळं आहे.

मग एका सकाळी तिला लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडेना.

बरणी नवऱ्याकडे देताना ती म्हणाली, "हे कुणी एवढं आवळलं?" नवऱ्यानं झाकण सहज उघडलं आणि तिच्याकडे पाहिलं. तिनं नजर चुकवली. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, हाताला जिथे तो जोडलेला असतो तिथे, कुणीतरी आत खिळा ठेवून दिल्यासारखं झालं होतं. आधी फक्त रात्री दुखायचं. मग किल्ली फिरवताना, मग पिशवी उचलताना. डॉक्टरनं अंगठा इकडे तिकडे हलवून पाहिला आणि म्हणाला, "किती वर्षं करताय हे काम? झीज झालीय सांध्याची. विश्रांती द्या. जमलं तर दुसरं काही बघा."

"दुसरं काय बघू?" तिनं विचारलं.

डॉक्टर चांगला होता. तो म्हणाला, "ते मला कसं सांगता येईल, बाई?"

हे तिनं घरी सांगितलं नाही, पार्लरात तर नाहीच. आणि नेमकं त्याच आठवड्यात शिडी बातमी घेऊन आली. बसडेपोत ड्रायव्हरांच्या पाठीसाठी मालिश करणारं माणूस ठेवणार होते. दिवसभर गाडी चालवून त्यांच्या कमरेचा पार भुगा होतो, रजा वाढतात, म्हणून वरून मंजुरी आली होती. महिन्याचा बांधलेला पगार. वर पगारी रजा.

"पगारी रजा?" अंगठेवालीनं टॉवेल हातातच धरला. "म्हणजे मी घरी झोपायचं आणि पैसे यायचे?"

"वर्षातून थोडे दिवस, रोज नाही. रोज झोपशील तर हाकलतील."

"तू का नाही जात?"

"मी? ड्रायव्हरांच्या बनियनचा वास घ्यायला? मला माझे लाटावाले बरे." शिडीनं नाक मुरडलं. "महिनाअखेरीला परीक्षा आहे. एका पाठीवर काम करून दाखवायचं. तुझं नाव ऐकूनच घेतील बघ, अंगठेवाली म्हटल्यावर."

अंगठेवाली हसली. उजवा अंगठा मात्र तिनं टॉवेलखाली लपवला. सगळं आयुष्य ज्या दाराची वाट पाहिली ते उघडलं होतं, आणि आत जायला जो अंगठा दाखवायचा तोच रुसून बसला होता.

दोन दिवसांनी निवृत्त हेडमास्तर आले. जुनं गिऱ्हाईक, खांद्याची जुनी गाठ. तिनं अंगठा टेकवला, जोर लावला, आणि सांध्यातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. हात मागे घेतला तर मास्तरांना कळलं असतं. म्हणून तिनं घाईत कोपर काढलं आणि टाचा उंचावून, सगळा जोर एकवटून ते खांद्यात घातलं. कोपर घसरून नेमकं हाडावर गेलं.

मास्तर असे ओरडले की पडद्यापलीकडच्या बाई टॉवेल गुंडाळून उठून बसल्या. "काय झालं? आग लागली का?"

"आग नाही हो," मास्तर टेबलावरून खाली उतरत म्हणाले, "ही बाई आज माझा जुना हिशेब चुकता करतेय. हिला कधी पट्टी मारली होती का मी?"

तिनं दहा वेळा माफी मागितली. मास्तर मनानं मोठे, "असू दे असू दे" म्हणत गेले. पण पुढच्या वेळी त्यांनी फोनवर शिडी मागितली. अंगठेवाली फोनशेजारीच बसली होती. तिनंच वहीत त्यांची वेळ शिडीच्या नावापुढे लिहिली. अक्षर वाकडं आलं. अंगठ्यानं पेनही धड धरवत नव्हतं.

तिचा नवरा शिंपी. स्वतःचं दुकान म्हणजे एक मशीन, एक इस्त्रीचं टेबल आणि वाट बघत लटकलेल्या लोकांच्या पँटी. मालकिणीनं मागच्या खोलीचा पडदा त्याच्याकडे शिवायला टाकला होता. दुपारी गिऱ्हाईक नसताना तो नवा पडदा टांगायला आला. स्टुलावर चढून कड्या अडकवताना त्यानं खाली पाहिलं. बायको शिडीच्या मानेवर हात चालवत होती. शिडीची मान आखडली होती आणि दोघी मोकळ्या होत्या. टेबल बायकोच्या बरगड्यांना लागलं होतं. खांदे कानांपर्यंत चढलेले, टाचा उचललेल्या.

तो कड्या अडकवायचा थांबला. "हे टेबल कुणाच्या मापाचं आहे?"

"माझ्या," शिडी पालथी पडूनच म्हणाली. "मी इथं आधी लागले. पाय खालीवर होतात त्याचे, पण बटणं गंजलीत. का?"

"का म्हणजे? एवढ्या उंचीवर मी इस्त्री केली असती तर माझा खांदा कधीच गळून पडला असता."

"माणसाची पाठ म्हणजे तुमची पँट आहे का?" अंगठेवाली फणकारली. "तिथे चूण काढायची असते. इथे गाठ काढायची असते."

"वजन तर लागतंच ना दोन्हीला? मग ते कुठून आणतेस तू? चवड्यांवर उभं राहून वजन येतं का? सगळं बोटांतनं काढतेस. तुझी बोटं आहेत की जॅक?" मग त्याचा आवाज खाली आला. "बरणी उघडत नाही तुला. मला काय कळत नाही वाटतं?"

शिडीनं हळूच मान वळवली आणि अंगठेवालीचा हात हातात घेऊन पाहिला. मुळाशी सूज होती. "अगं बये," ती म्हणाली. "आणि मी तुला सगळी कडक गिऱ्हाइकं पाठवत होते."

"मी दुखतंय म्हणाले कुठं?"

"तू कुठली म्हणणार? तोंडाचा पट्टा फक्त आमच्यासाठी आहे तुझा."

त्या संध्याकाळी दुकानाचं शटर अर्धं ओढून नवऱ्यानं तिला इस्त्रीच्या टेबलाजवळ उभं केलं. "मूठ वळ. हात सोड खाली. सैल सोड, लढाईला नाही चाललीस. बघ, मुठीला टेबल लागलं की नाही? माझ्या उस्तादानं मला पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं. मी आणि तू एकाच उंचीचे, म्हणून हे टेबल तुझ्याही मापाचं. हातानं दाबायचं नाही. आपण नुसतं पडायचं त्याच्यावर, सावकाश. वजन आपलं आपण खाली जातं."

"वर्गात तर असलं काही सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. मग आठवलं. वर्गात प्रत्येक टेबलाखाली लाकडी पाट होता. बाई म्हणायच्या, पाटावर चढा. बुटक्या मुली चढायच्या, उंच मुली नाही. पाट कशासाठी हे कुणी विचारलं नाही. पार्लरात पाट नव्हता, म्हणून ती चवड्यांवर उभी राहिली, आणि चवड्यांवर उभं राहून जे जमत नव्हतं ते अंगठ्याकडून करून घेतलं. इतकी वर्षं. चूक एवढीशी, आणि त्यावर तिनं सगळं नाव कमावलेलं.

आता प्रश्न होता पाठीचा. कुणाची पाठ घ्यायची शिकायला?

"माझी घे," सासू दारातून म्हणाली. ती डबा घेऊन आली होती आणि कधीपासून उभी होती कोण जाणे. "पण त्या टेबलावरची पँट उचल आधी. आणि बटण बंद आहे ना त्या इस्त्रीचं?"

मग रोज संध्याकाळी शिंप्याच्या दुकानात, अर्ध्या शटरमागे, सासू इस्त्रीच्या टेबलावर पालथी पडू लागली. अंगठेवालीनं अंगठा मुठीत कोंडून घेतला आणि कोपराखालचा हाताचा मांसल भाग सासूच्या पाठीवर ठेवला. एक पाय मागे, एक पुढे, हातगाडी ढकलताना ठेवतात तसे. आणि झुकली. पहिल्या दिवशी काहीच कळलं नाही. अंगठ्याला डोळे होते. या हाताला काही दिसेना. कुठे हाड, कुठे गाठ, सगळं सारखंच.

"काय गं, चपाती लाटतेस की काय?" सासू खालून म्हणाली.

"आई, गप्प पडून राहा. मला ऐकू येत नाही."

"पाठीतनं ऐकतेस? मग माझं काय चुकलं, मीही पाठीतनंच बोलतेय."

दुसऱ्या आठवड्यात हाताला थोडं थोडं दिसू लागलं. घाई केली की आंधळं व्हायचं, थांबलं की दिसायचं. गाठीवर हात ठेवून नुसतं वजन सोडायचं आणि वाट पाहायची. गाठ आधी ताठ व्हायची, हट्टी पोरासारखी, मग हळूहळू स्वतःच सैल पडायची. एके दिवशी सासूची बडबड मध्येच बंद झाली. सून घाबरून वाकली, "आई? आई, अहो!"

"ओरडतेस कशाला?" सासू डोळे न उघडता म्हणाली. "पहिल्यांदाच बरं वाटतंय तर."

पार्लरात नवऱ्यानं गंजलेल्या बटणांवर मशीनचं तेल सोडलं आणि एक टेबल खाली आणलं. मालकीण कुरकुरली, दोन टेबलं दोन उंचीची दिसतात म्हणून. शिडीनं तिला सुनावलं, "आम्ही दोघी तरी कुठं एका उंचीच्या दिसतो?"

परीक्षेच्या दिवशी डेपोतली खोली म्हणजे तिकिटांच्या जुन्या पेट्या हलवून मोकळी केलेली जागा होती. डिझेलचा वास, भिंतीवर वेळापत्रक, मधोमध नवंकोरं घडीचं टेबल. कामगारांचं बघणाऱ्या अधिकारी बाई खुर्चीवर बसल्या होत्या. साध्या, बोलायला नेमक्या. आणि टेबलाशेजारी शर्ट काढून एक ड्रायव्हर उभा होता. त्याला सगळे डबलडेकर म्हणत, आणि का म्हणतात हे विचारायची गरज नव्हती.

"तुम्हीच ना त्या अंगठेवाली?" अधिकारी बाई म्हणाल्या. "खूप ऐकलंय. बघू तुमच्या अंगठ्याची करामत."

अंगठेवालीनं आपल्या उजव्या अंगठ्याकडे पाहिलं. एकदा वाटलं, दोन मिनिटं दाबू अंगठा, सहन करू, नोकरी तर हातात येईल. पण मग उद्याचं काय? परवाचं? ती टेबलाजवळ गेली, मूठ वळून हात सोडला. टेबल मुठीच्या बरंच वर होतं. "हे खाली करावं लागेल."

डबलडेकरनंच बटणं दाबून पाय खाली घेतले. "अजून? अजून? ताई, मग जमिनीवरच झोपतो की मी!"

"झोपा आता. बोलायचं असेल तर नंतर बोला."

तिनं तेल हातावर चोळून गरम केलं आणि त्या मैदानासारख्या पाठीवर हात ठेवला. कमरेच्या उजव्या बाजूला, जिथून क्लचचा पाय निघतो त्याच्या उलट बाजूला, गाठ सापडली. जुनी, मुरलेली. अंगठा आपोआप तिकडे निघाला. तिनं तो मुठीत दाबून धरला आणि कोपराखालचा हात गाठीवर ठेवला. पाय मागेपुढे. झुकली. आणि थांबली.

काहीच होत नव्हतं. बाहेरून दिसायला तरी काहीच नाही. एक बुटकी बाई एका अवाढव्य माणसावर टेकून उभी. अधिकारी बाईंनी घड्याळात पाहिलं. "अंगठा नाही लावत?"

"नाही," ती म्हणाली.

गाठ ताठ झाली. तिनं जोर वाढवला नाही. वजन होतं तेवढंच ठेवलं आणि डबलडेकरच्या श्वासाबरोबर आपला श्वास सोडला. मग एकदम, एअर ब्रेक सुटावा तसा त्या माणसाच्या आतून लांब सुस्कारा बाहेर आला आणि तिचा हात दोन बोटं खाली गेला. "आई गं," डबलडेकर टेबलात तोंडासाठी ठेवलेल्या भोकातून म्हणाला. "हे कुठं होतं इतके दिवस?"

तो उठला तेव्हा त्यानं खाली वाकून बुटाच्या नाड्या बांधल्या. उभं राहून अधिकारी बाईंकडे पाहिलं. "बाई, नाड्या. मी बांधल्या." मग दुसरं काही न सांगता तो बाहेर गेला आणि लगेच दाराबाहेर त्याचा आवाज ऐकू आला, सगळ्या डेपोला सांगत असलेला.

अधिकारी बाईंनी वही उघडली. "ठीक. दिवसाला दहा पाठी. पुढच्या महिन्यापासून."

इथे "हो" म्हणायचं होतं. सगळ्या अंगानं "हो" म्हणायचं होतं. पगारी रजा कानात घंटेसारखी वाजत होती. तिनं ओढणीला हात पुसले. "सहा," ती म्हणाली.

"काय सहा?"

"दिवसाला सहा पाठी. मध्ये हाताला आराम. सातवी घेतली तर सहावीचं काम बिघडतं, आणि माझंही."

"सहा? आधी इथं एक माणूस रोजावर यायचा, तो बारा बारा करायचा."

"मग त्यालाच का नाही ठेवत?"

अधिकारी बाईंनी वही मिटली. "त्याचं मनगट गेलं," त्या म्हणाल्या. "म्हणूनच ही जागा निघाली." पेनचं टोपण त्यांनी काढलं, घातलं, पुन्हा काढलं. "दहाची मंजुरी आणलीय मी वरून. विचारावं लागेल. बसा तुम्ही."

त्या फोन करायला शेजारच्या खोलीत गेल्या. अंगठेवाली रिकाम्या टेबलाच्या कडेवर बसली. भिंतीपलीकडून शब्द कळत नव्हते, नुसता चढउतार. एकदा आवाज चढला तेव्हा तिला वाटलं, संपलं. आता पार्लर आणि लाटा, आणि शिडीकडे जाणारी जुनी गिऱ्हाइकं. सासूला काय सांगायचं? जास्त शहाणपण केलं म्हणून गेली? उठून आत जावं, आठ म्हणावं, असं तिला दोनदा वाटलं. दोन्ही वेळा ती उठली आणि दोन्ही वेळा बसली.

अधिकारी बाई परत आल्या. चेहरा थकलेला. "सहा," त्या म्हणाल्या. "पगार त्यांनी थोडा कमी केलाय, दहाच्या मानानं."

"रजा?"

"रजा तेवढीच. आणि सहा महिन्यांनी ड्रायव्हरांच्या आजारपणाच्या रजा कमी झाल्या तर पगाराचं मी पुन्हा बोलेन. लिहून देते हवं तर."

"द्या लिहून," अंगठेवाली म्हणाली, आणि मग एवढा वेळ धरलेला श्वास सोडताना तिला हसूच आलं. "पार्लरचे आठवड्यातले दोन दिवस मी ठेवणार. सुट्टीच्या दिवशी. माझी मालकीण रडेल नाहीतर."

"ठेवा की. पण एक सांगते. सहाच घेणार हे बाहेर तुम्ही सांगायचं. मला नका पुढे करू. मला त्यांच्यात राहायचंय."

"बाहेर कुणाला?"

अधिकारी बाईंनी दाराकडे हनुवटी दाखवली. अंगठेवालीनं दार उघडलं. व्हरांड्यात डबलडेकरनं लावून दिलेली रांग उभी होती. कुणी कंबर धरून, कुणी शर्टाची वरची बटणं आधीच सोडून, शेवटचे दोघं तर जिन्याच्या खाली. सगळ्यांनी एकदम तिच्याकडे पाहिलं.

"दादा," ती म्हणाली, कमरेवर हात ठेवून, सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात, "मी पहिल्या तारखेपासून येणार आहे. कुठं पळून जात नाही. रोज सहा घेणार, सातव्यानं दुसऱ्या दिवशी यायचं. भांडायचं असेल त्यांनी आजच भांडून घ्या, आज मी मोकळी आहे."

रांगेत जरा कुजबुज झाली. मग मागून कुणीतरी ओरडलं, "ताई, पहिल्या तारखेला पहिला नंबर कुणाचा?" आणि त्यावरून त्यांचं आपसातच जे जुंपलं ते सोडवायला अधिकारी बाईंना शेवटी बाहेर यावंच लागलं.